पिकअप बुक केली, गाडी येईना: चेसिस नंबर हाती पडेपर्यंत काय करायचं

“भाऊ, तुमची गाडी कंपनीतून निघालीय, चार दिवसांत लागेल.” २०२१ च्या दिवाळीआधी हे वाक्य मी तीन आठवड्यांत पाच वेळा ऐकलं. निफाड तालुक्यात आमची टोमॅटो आणि द्राक्षाची शेती, शिवाय गावातला माल वाशी मार्केटला पोचवायचं काम. पाडव्याला नवी पिकअप दारात उभी राहणार या भरवशावर मी जुना टेम्पो ऑक्टोबरातच विकून टाकला. नवी गाडी आली जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. ऐन टोमॅटोच्या हंगामात ४१ फेऱ्या भाड्याच्या गाडीने माराव्या लागल्या. स्वतःच्या गाडीला डिझेल आणि टोल धरून जेवढा खर्च आला असता, त्याहून फेरीमागे २,३०० रुपये जास्त गेले. वहीत बेरीज अजून आहे: ९४,३०० रुपये.

त्या काळात मी शोरूमच्या माणसाला “कधी येणार?” एवढंच विचारत राहिलो. विचारायला हवं होतं ते वेगळंच: “माझ्या नावावर चेसिस नंबर पडलाय का?” पडलेला नव्हता. म्हणजे माझी म्हणावी अशी गाडीच तेव्हा कुठे अस्तित्वात नव्हती, आणि जी नाही ती निघणार कुठून? त्यानंतर गावातल्या आणि पाहुण्यांतल्या बऱ्याच जणांच्या बुकिंगला मी सोबत गेलो. त्यांचे पैसे वाचावेत म्हणून जे सांगत आलो, ते इथे क्रमाने लिहितो.

बुकिंग म्हणजे गाडी नव्हे, रांगेतला नंबर

आपल्याला वाटतं, आपण पैसे भरले की कारखान्यात आपल्या नावाची गाडी तयार व्हायला लागते. आपल्याकडे सहसा तसं होत नाही. शोरूमवाला आपलं बुकिंग कंपनीच्या संगणकात चढवतो. कंपनी दर महिन्याला कोणत्या डीलरला कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या द्यायच्या ते ठरवते. डीलर त्यांचे पैसे भरतो किंवा बँकेच्या उधारीवर उचलतो. मग गाड्या ट्रेलरवर चढून त्याच्या यार्डात येतात, आणि तिथे आल्यावर किंवा वाटेत असताना एखादी गाडी एखाद्या गिऱ्हाइकाच्या नावावर लावली जाते. यालाच ‘अलॉटमेंट’ म्हणतात. अलॉट झालेल्या गाडीला १७ आकडी-अक्षरी चेसिस नंबर असतो. तो जोवर तुम्हाला सांगितला जात नाही, तोवर तुमच्याजवळ फक्त रांगेतली जागा आहे, आणि ती जागा पुढेमागे सरकू शकते.

हे एकदा मनात पक्कं झालं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. जुनी गाडी विकणं, कर्ज उचलणं, विमा काढणं, ड्रायव्हर ठरवणं, एखाद्या कंपनीशी किंवा आडत्याशी मालवाहतुकीचा शब्द देणं, यातलं काहीही शोरूमने तोंडी दिलेल्या तारखेवर करायचं नाही. चेसिस नंबर आला की करायचं.

पहिली पायरी: बुकिंगच्या दिवशीचा कागद

इथे अर्धा तास जास्त घालवा, पुढचे तीन महिने सोपे जातील.

पावतीवर नुसतं ‘पिकअप’ लिहिलेलं चालत नाही. एकाच नावाखाली सव्वा टनापासून दोन टनांपर्यंतची गाडी असते. हौदा कोणाचा आठ फुटी, कोणाचा नऊ-दहा फुटी. डिझेल वेगळी, सीएनजी वेगळी. एसी, पॉवर स्टिअरिंग, नुसतं केबिन-चेसिस की हौद्यासकट, सगळ्यांचे कोड वेगळे. मॉडेलचं पूर्ण नाव आणि व्हेरियंट पावतीवर आलंच पाहिजे. रंग पांढरा चालत असेल तर पांढराच सांगा. मालवाहू गाड्यांत पांढऱ्याचाच साठा मोठा असतो, वेगळ्या रंगाच्या हट्टापायी वेटिंग वाढतं.

त्यानंतर तीन गोष्टी लिहून घ्यायच्या. एक, अपेक्षित डिलिव्हरीची तारीख. “साधारण” असं लिहितो म्हणाला तरी चालेल, पण महिना तरी लिहिलेला हवा. दोन, किंमत बुकिंगच्या दिवसाची की डिलिव्हरीच्या दिवसाची. छापील फॉर्मवर बारीक अक्षरात ‘डिलिव्हरीच्या दिवशीचा दर लागू’ असं जवळपास नेहमीच असतं. सही करण्याआधी ती ओळ बोट ठेवून वाचा, आणि डिस्काउंट किंवा एक्स्चेंज बोनस कबूल केला असेल तर तो त्याच कागदावर रकमेसकट लिहून घ्या. तीन, रद्द केल्यास किती कापणार आणि उरलेले किती दिवसांत परत देणार.

पैसे शोरूमच्या फर्मच्या खात्यावरच भरा, चेकने, यूपीआयने किंवा आरटीजीएसने. सेल्समनच्या स्वतःच्या नंबरावर एक रुपयाही टाकू नका. तो माणूस कितीही चांगला असला तरी उद्या नोकरी सोडून गेला तर तुमच्या पैशाचा शोरूमच्या दप्तरात पत्ता नसतो. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानेच बंद आहे, तेव्हा “रोख द्या, नंबर वर घेतो” म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

टोकन कमीत कमी ठेवा. जास्त भरले म्हणून गाडी लवकर येत नाही. आपले पैसे तेवढे अडकून राहतात.

शेवटी, बुकिंग कंपनीच्या संगणकात चढल्याचा नंबर मागा. कंपनीकडून मोबाइलवर संदेश येतो तो हाच. नुसती शोरूमची पावती हातात असेल आणि आठवडाभरात असा संदेश आला नसेल, तर बुकिंग अजून त्यांच्या टेबलावरच पडलेलं असण्याची शक्यता आहे. आमच्या शेजारच्या मळ्यातल्या आप्पांचं असंच झालं. वीस दिवस पावती पाकिटात घेऊन ते निश्चिंत होते, आणि रांगेत त्यांचा नंबर वीस दिवस मागे पडला होता.

दुसरी पायरी: उशीर कशाचा आहे ते ओळखा

उशिराचे दोन प्रकार. एक कारखान्याकडचा, दुसरा शोरूमकडचा. पहिल्यावर आपला इलाज नाही, दुसऱ्यावर आहे.

मी अडकलो तो काळ पहिल्या प्रकारचा होता. कोविडनंतर सेमीकंडक्टर चिप मिळेनाशा झाल्या होत्या. मार्च २०२१ मध्ये जपानमधल्या रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या चिप कारखान्याला आग लागली, मग त्याच उन्हाळ्यात मलेशियातल्या लॉकडाउनने तिथली चिप-पॅकिंगची कामं अडली, आणि जगभरच्या गाड्यांच्या लाइन थांबल्या. धुराचे बीएस-सिक्स नियम आल्यापासून साध्या पिकअपच्या इंजिनालाही संगणक लागतो, त्यामुळे आपण ‘मालाची गाडी, हिला कसली चिप’ म्हणून सुटत नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा पुन्हा वाहन कारखान्यांना घोर लागला होता.

कधी कंपनीच हात वर करते. टोयोटाच्या हायलक्स पिकअपचं बुकिंग भारतात जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालं आणि मागणी एवढी आली, पुरवठा एवढा तोकडा, की काही आठवड्यांतच ते थांबवावं लागलं. पुन्हा सुरू झालं ते जानेवारी २०२३ मध्ये. अशा वेळी शोरूमवाल्याशी भांडून काही हाती लागत नाही.

शोरूमकडचा उशीर वेगळा दिसतो. तुमच्याच व्हेरियंटच्या गाड्या त्याच शोरूममधून बाहेर पडताना दिसतात, आणि तुमची मात्र “वाटेत” असते. कधी डीलरची बँकेची मर्यादा संपलेली असते म्हणून तो कंपनीकडून गाडी उचलू शकत नाही. कधी दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तासाठी आलेल्या गाड्या अडवून ठेवलेल्या असतात. कधी रोख पैसे तयार असलेलं, विमा-ॲक्सेसरी तिथूनच घेणारं गिऱ्हाईक तुमच्या पुढे घातलं जातं. हे ओळखायचं कसं? त्याच व्हेरियंटसाठी जिल्ह्यातल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या डीलरला नवं गिऱ्हाईक म्हणून फोन करा. नाशिकला तीन महिने सांगत असतील आणि संगमनेरला किंवा धुळ्याला पंधरा दिवस, तर अडचण कारखान्यात नाही.

तिसरी पायरी: दर आठवड्याला एक फोन, एक मेसेज

रोज फोन केला की तिकडचा माणूस उचलायचं बंद करतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पण प्रश्न नेमके:

माझ्या व्हेरियंटच्या रांगेत माझ्या पुढे किती बुकिंग आहेत? या महिन्यात या व्हेरियंटच्या किती गाड्या तुम्हाला कबूल झाल्यात? त्यातली एखादी माझ्या नावावर लागली का? लागली असेल तर चेसिस नंबर काय?

फोन ठेवला की लगेच व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका: “आज आपण सांगितल्याप्रमाणे माझ्या पुढे ६ बुकिंग आहेत, गाडी २० तारखेपर्यंत अलॉट होईल.” त्याने नुसता अंगठा दाखवला तरी तारखेसकट नोंद राहते. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हेच कागद होतात. सेल्समनकडून तीन आठवड्यांत पुढे काही सरकलं नाही, तर सेल्स मॅनेजरला ईमेल आणि त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला. बुकिंग नंबर विषयातच लिहा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त हालचाल या ईमेलने होते, कारण कंपनीकडून डीलरला विचारणा गेली की त्याला उत्तर द्यावं लागतं.

बोलताना आवाज चढवू नका. समोरचा मुलगा पंधरा-वीस हजारांवर काम करणारा असतो, गाड्या त्याच्या खिशात नसतात. आपलं काम त्याच्याकडूनच व्हायचं आहे.

चौथी पायरी: पैसा कधी हलवायचा

वाट बघण्यातलं खरं नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबू.

कर्ज मंजूर करून ठेवा, पण उचलू नका. मंजुरीच्या पत्राला मुदत असते. ती पत्रावरच लिहिलेली असते, संपण्याच्या पंधरा दिवस आधी बँकेत जाऊन वाढवून घ्या. उचल झाली त्या दिवसापासून व्याज चालू होतं. ८ लाखांच्या कर्जावर ११ टक्क्यांनी महिन्याला ७,३०० रुपयांच्या वर व्याज जातं, गाडी दारात असो वा नसो. शोरूमचे काही लोक “बँकेचे पैसे आधी टाका, म्हणजे गाडी अलॉट होते” असं सांगतात. माझं मत स्पष्ट आहे: चेसिस नंबर असलेलं प्रोफॉर्मा (कच्चं) बिल हातात नसताना बँकेला डीओ, म्हणजे शोरूमला पैसे देण्याची डिलिव्हरी ऑर्डर, सोडायला सांगू नका. फायनान्सवाला शोरूममध्येच बसत असेल तर त्याला हे दोनदा सांगा.

दुसरी गोष्ट कर. मधल्या काळात दर बदलले तर फरक आपल्याला पडतो, कधी वर, कधी खाली. २०२५ सालीच दोन्ही पाहायला मिळालं. १ जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी रस्ता कर लागू झाला. १० लाखांच्या गाडीला ७० हजार. जूनमध्ये पासिंग झालेला आणि गाडी लांबल्यामुळे जुलैत झालेला, यांच्या खर्चात मोठी तफावत पडली. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २८ टक्के धरून १० लाख किंमत असलेली गाडी नव्या दराने सुमारे ९ लाख २२ हजारांवर येते. ऑगस्टमध्ये गाडी लांबली म्हणून चिडलेल्या लोकांना त्या वेळी पाऊण लाखाहून जास्त फायदा झाला. म्हणून बुकिंगनंतर दर महिन्याला ताजं ऑन-रोड कोटेशन मागा आणि पहिल्याशी ओळ-न-ओळ ताडून बघा. कर बदलला तर तो सरकारचा, पण ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’ अशा नावांनी मध्येच उगवलेली ओळ असेल तर ती काढायला लावा.

जीएसटी नंबर असलेल्यांनी बिल त्याच नंबरावर घ्यावं. माणसं वाहणाऱ्या छोट्या गाड्यांवर न मिळणारं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मालवाहू गाडीवर मिळतं, आणि बिल साध्या नावाने निघालं की नंतर दुरुस्त करताना नाकीनऊ येतात. हिशेबाची पुस्तकं ठेवणाऱ्यांनी आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी: गाडी आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी घसारा निम्माच धरता येतो. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरच्या आत गाडी कामाला लागली तर पूर्ण. तारीख जवळ असेल तर सीएला विचारून ठेवा.

विमा आधी काढू नका. पॉलिसी डिलिव्हरीच्या सुमाराला सुरू झाली पाहिजे. मालवाहू गाडीची पॉलिसी वर्षाचीच असते, त्यातला महिना यार्डात गेला तर तेवढे पैसे वाया. आणि विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. बाहेरून कोटेशन आणून समोर ठेवलं की आतला दर बहुतेक वेळा उतरतो.

पाचवी पायरी: जुनी गाडी आणि हंगाम

माझी चूक इथे झाली, म्हणून कळकळीने सांगतो. जुनी गाडी नव्याचा चेसिस नंबर येईपर्यंत विकू नका. गिऱ्हाईक चांगला भाव देत असेल तर विसार घेऊन “नवी आली की ताबा” असं लिहून द्या. शोरूमलाच एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर ठरलेला भाव किती दिवस टिकणार, हे कागदावर घ्या. दरम्यान जुनीचा विमा आणि फिटनेस संपत असेल तर “आता काय, जाणारच आहे” म्हणून सोडू नका. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतो, आणि तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकायला मोकळी होते.

बुकिंगची तारीख हंगामावरून उलटी मोजा. आपल्याकडे द्राक्षाची गर्दी फेब्रुवारी ते एप्रिल, टोमॅटो ऑगस्टपासून, कोकणात आंबा मार्च ते मे. हंगामाच्या चार महिने आधी बुकिंग झालं तर महिना-दोन महिन्यांचा उशीर पचतो. हंगाम तोंडावर असताना बुकिंग करत असाल तर भाड्याच्या गाडीचा खर्च आधीच धरा. हिशेब सोपा आहे: फेरीचं भाडं वजा स्वतःच्या गाडीचा फेरीखर्च, गुणिले अपेक्षित फेऱ्या. हा आकडा हातात असला की पुढचा प्रश्न सोडवता येतो.

सहावी पायरी: “दुसरं मॉडेल आहे, आज देतो”

वाट बघून माणूस थकला की शोरूमवाला हे सांगतोच. कधीकधी ते खरंच फायद्याचं असतं. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय हो म्हणू नका.

पहिली आणि सगळ्यात मोठी: गाडीचं एकूण वजन, म्हणजे मालासकटचं जीव्हीडब्ल्यू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे ३,००० किलोपर्यंत जीव्हीडब्ल्यू असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. बाजारातल्या कित्येक पिकअप २,९०० ते २,९९० किलोंवर थांबवलेल्या दिसतात. तुम्ही बुक केलेली २,९९० ची, आणि “हीच गाडी, थोडी मोठी” म्हणून दिलेली ३,४९० ची असेल, तर परमिटचं काम आणि खर्च मागे लागतो. जास्त टनाची गाडी घ्यायला हरकत नाही, पण माहीत असताना घ्या. लायसनचा मात्र यात घोळ नाही. साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केलं आहे.

दुसरी, हौद्याची आतली लांबी-रुंदी. टेप घेऊन जा. आमच्याकडे टोमॅटोच्या कॅरेटच्या थरावर फेरीचं गणित चालतं. एक ओळ कमी बसली तर गाडीच्या आयुष्यभर प्रत्येक फेरीत तेवढा माल मागे राहतो. जाहिरातीतल्या टनांवरून हे कळत नाही. दोन कॅरेट सोबत नेऊन हौद्यात मांडून बघा, कोणी हसत नाही.

तिसरी, ती गाडी आज कशी काय उभी आहे. कदाचित कोणी रद्द केली असेल, तर चांगलंच. पण आठ-दहा महिने उन्हात उभी असेल तर तिचा भाव नव्या गाडीचा द्यायचा नाही. हे चेसिस नंबरावरून कळतं, ते खाली सांगतो.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या डीलरकडे तयार गाडी असेल तर तिथून घ्यायलाही अडचण नसते. पासिंग आपल्या पत्त्याच्या आरटीओत होऊ शकतं. आधी तिकडचा चेसिस नंबर घ्या, मग इकडचं बुकिंग रद्द करा. उलट करू नका.

सातवी पायरी: रद्द करायचं ठरलं तर

तोंडी सांगून येऊ नका. बुकिंग नंबर, भरलेली रक्कम, कबूल केलेली तारीख आणि आजची तारीख लिहून ईमेल करा, पैसे परत करण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या, बँक खात्याचा तपशील जोडा. लिहून दिलेली तारीख शोरूमनेच पाळली नसेल तर ‘कॅन्सलेशन चार्ज’ कापायला विरोध करा, तेही त्याच ईमेलमध्ये.

मुदत उलटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. मराठीतून बोलता येतं. तिथून कंपनीला आणि डीलरला विचारणा जाते आणि टोकनच्या रकमेचे बरेच वाद तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, मोबदला म्हणून आपण भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत यायला हवं.

इथे एक आक्षेप शोरूमचा वकील हमखास घेतो: “गाडी धंद्यासाठी आहे, तुम्ही ग्राहकच नाही.” याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलं आहे की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारणासाठी’ धरली जात नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तर मालट्रकचंच उदाहरण दिलं आहे. स्वतः चालवून उपजीविका करणारा ग्राहक ठरतो, आणि मदतीला एक-दोन माणसं असली म्हणून त्याचा हक्क जात नाही. म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा की गाडी कुटुंबाच्या उपजीविकेसाठी आहे आणि कोण चालवणार आहे. दहा गाड्यांचा मालक असाल तर मात्र हा रस्ता अवघड आहे.

आठवी पायरी: चेसिस नंबर आला

आता हलायचं, आणि लवकर हलायचं. पण बिल फाडण्याआधी गाडी डोळ्यांनी बघायची. यार्ड शहराबाहेर असतं, “तिकडे कशाला, पासिंग झाल्यावर इथेच आणतो” म्हणतील. तरी जा. नोंदणी झाल्यावर दोष सापडला तर गाडी बदलून मिळणं फार कठीण.

चेसिस नंबरातलं दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्षाचं असतं. पी म्हणजे २०२३, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. महिन्याचंही अक्षर असतं, पण त्याची जागा कंपनीनुसार बदलते, ती शोरूममध्येच विचारा आणि बिलासोबतच्या फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) वरच्या उत्पादनाच्या महिना-वर्षाशी ताडा. डिसेंबरची गाडी जानेवारीत घेतली तर विकताना ती एक वर्ष जुनी मोजली जाते. त्यामुळे भाव त्याप्रमाणे उतरवून मागा.

टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी विसरतो माणूस. बॅटरीवरची तारीख, मीटरवरचे किलोमीटर, हौद्याच्या पत्र्याच्या जोडांत गंज, फाळक्याच्या कड्या नीट बसतात का, जॅक-पाना, दुसरी किल्ली. गाडी थंड असतानाच चालू करायला सांगा आणि पाच मिनिटं चालू ठेवून खाली वाकून गळती बघा.

केबिन-चेसिस घेऊन हौदा बाहेर बांधून घेणार असाल तर तात्पुरत्या नोंदणीची मुदत त्या कागदावर असते. बॉडी बांधणाऱ्याची तारीख त्याच्या आत बसते का, हे त्याच्याकडून आधी पक्कं करा. रांग तिथेही असते.

माझ्या वेळी यार्डात पाठीमागच्या रांगेत, दोन ट्रेलरच्या आडोशाला गाडी उभी होती. बरोबरच्या पोराने चेसिसवरची धूळ फडक्याने पुसली, वर कोरा कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासायला लागला. आरटीओच्या फॉर्मवर ही छाप लावावी लागते. एकेक अक्षर कागदावर उमटत गेलं. मी खिशातलं प्रोफॉर्मा बिल काढून शेजारी धरलं आणि मोबाइलच्या उजेडात सतराही अक्षरं बोटाने जुळवली. दहावं अक्षर एन होतं, २०२२ ची गाडी. मग तिथूनच बँकेत फोन लावला आणि डीओ सोडायला सांगितलं.